क्विल्टचे रंग कोण निवडतं? जुळवलेल्या कापडसंचांची पार्श्वभूमी

क्विल्ट म्हणजे कापडाचे तुकडे जोडून शिवलेलं, आपल्या गोधडीसारखं पांघरूण. अमेरिकेतल्या क्विल्टच्या दुकानांत आज पाच इंची कापडी चौकोनांची नीट बांधलेली चळत मिळते. तिला चार्म पॅक म्हणतात. आत साधारण 42 तुकडे असतात आणि ते एकाच डिझायनरच्या एकाच कलेक्शनमधले असतात. मोठी फुलं, बारीक ठिपके, रेघा, चौकडी असं सगळं एकमेकांशी जुळेल अशा बेताने आधीच ठरवलेलं. घरी न्यायचं आणि जोडायला बसायचं.

हे नाव ज्या चार्म क्विल्टवरून आलं तिचा स्वभाव नेमका उलटा होता. 1870 ते 1900 च्या सुमारास या क्विल्टची अमेरिकेत मोठी हौस होती. आकार एकच, षटकोन किंवा त्रिकोण, पण एकही कापड दुसऱ्यांदा येता कामा नये. इतकी वेगवेगळी कापडं एका घरात असणार कुठून? मग मैत्रिणींशी अदलाबदल व्हायची, नातेवाईक पत्रातून तुकडे पाठवायचे. एका क्विल्टमध्ये 999 तुकडे हवेत अशीही समजूत होती. हे तुकडे एकमेकांसाठी बनलेलेच नसत. भडक केशरी शेजारी शेवाळी, त्याच्या कडेला काळपट जांभळा. कोणता तुकडा कुठे खपेल हे बाईने मांडून, हलवून, पुन्हा मांडून ठरवायचं. डोळा तयार व्हायचा तो याच खटाटोपातून. संचामुळे वेळ वाचतो यात शंका नाही, पण हा सराव मात्र सुटतो आणि माझ्या मते ते नुकसान खरं आहे.

अर्थात रंग दुसऱ्याने ठरवून देण्याची सुरुवात आजच्या कंपन्यांनी केलेली नाही. इंडियानातल्या मॅरियन गावच्या मेरी वेब्स्टर यांची क्विल्ट 1911 च्या जानेवारीत ‘लेडीज होम जर्नल’ या मासिकाने रंगीत छापली. मऊ, फिकट रंगांतली फुलं बघून नमुन्यांची मागणी सुरू झाली आणि 1921 मध्ये त्यांनी मैत्रिणींबरोबर प्रॅक्टिकल पॅचवर्क कंपनी काढली. पुढे बुसिला, पॅरागॉन यांसारख्या कंपन्यांच्या किट, म्हणजे क्विल्टचं तयार सामान, बाजारात आल्या. कापडावर खुणा छापलेल्या, रंग ठरलेले. प्रदर्शनांत आणि संग्राहकांमध्ये किटच्या क्विल्टला बराच काळ दुय्यम मान मिळाला. मला हे अन्यायाचं वाटतं, कारण त्यातलं हातकाम अनेकदा अप्रतिम आहे. फक्त रंगाचा निर्णय तिथे नाही.

त्याच काळात शेतकरी घरांत वेगळंच चाललं होतं. पीठ, साखर, कोंबड्यांचं खाद्य सुती पोत्यांत यायचं. 1920 च्या दशकात गिरण्यांच्या लक्षात आलं की बायका ही पोती उसवून कपडे शिवतात, म्हणून त्यांनी पोत्यांवर फुलं आणि नक्षी छापायला सुरुवात केली. शंभर पौंडांच्या एका पोत्यातून वारभराहून थोडं जास्त कापड निघायचं. एका फ्रॉकला दोन-तीन पोती एकाच छापाची लागत, म्हणून खाद्य आणायला गेलेल्या नवऱ्याने कोणतं पोतं निवडायचं हे बायको सांगून ठेवायची. उरलेले तुकडे क्विल्टमध्ये जात. आपल्याकडची गोधडी जशी नेसून विरलेल्या लुगड्यांतून आणि धोतरांतून उभी राहिली, तसंच हेही. छाप गिरणीने ठरवला, पण कुठला छाप कुणाशेजारी बसेल हे घरातल्या बाईने.

दुसऱ्या महायुद्धानंतर क्विल्टिंग ओसरलं. 1971 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने जुनी क्विल्ट चित्रांसारखी भिंतींवर लावली. 1976 मध्ये अमेरिकी स्वातंत्र्याची द्विशताब्दी आली आणि हजारो बायका पुन्हा सुई-दोऱ्याकडे वळल्या. अडचण कापडाची होती. दुकानं पॉलिएस्टर मिसळलेल्या कापडाने भरलेली, आणि बारीक नक्षीचं शुद्ध सुती कापड शोधत फिरावं लागे.

या टप्प्यावर भारताचा थेट धागा येतो. जिनी बायर या अमेरिकी बाई 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला भारतात राहत असताना क्विल्टिंगकडे वळल्या, ते इथलं ठशांनी छापलेलं सुती कापड घेऊन. त्यातले गडद निळे, लाल रंग त्या काळच्या अमेरिकी क्विल्टमध्ये फारसे दिसत नसत. त्यांच्या ‘रे ऑफ लाइट’ या क्विल्टने 1978 मध्ये ‘गुड हाउसकीपिंग’ या मासिकाची स्पर्धा जिंकली आणि काही वर्षांतच त्यांच्या नावाने क्विल्टसाठी खास कापड बाजारात आलं. आजच्या डिझायनर कलेक्शनची वाट तिथून रुंदावली. पण बायर यांच्या काठाच्या नक्षीच्या (बॉर्डर प्रिंट) कापडात एक गंमत आहे. त्यातली नक्षी आरशातल्यासारखी दोन्ही बाजूंनी सारखी असते, त्यामुळे ते कुठे कापाल त्यावर वेगळी आकृती मिळते. जुळवलेलं कापड असूनही निर्णय शिवणाऱ्या बाईच्याच हातात राहतो.

1979 मध्ये जपानच्या ओल्फा कंपनीने फिरत्या पात्याचा कटर आणला आणि कापणं झटपट झालं. नंतर कापण्याचीही गरज उरली नाही. डॅलसच्या मोडा कंपनीचा जेली रोल 2000 च्या दशकात आला. त्यात अडीच इंच रुंदीच्या साधारण 40 पट्ट्या असतात, म्हणजे सुमारे पावणेतीन वार कापड. जेली रोल रेस या प्रकारात सगळ्या पट्ट्या टोकाला टोक जोडून एकच लांबलचक पट्टी करतात आणि ती दुमडून शिवत जातात. कोणता रंग कुठे, हा प्रश्नच उरत नाही. कलेक्शन बहुधा एकदाच छापलं जातं, संपलं की संपलं. त्यामुळे आवडलं की लगेच घेण्याची घाई होते आणि कपाटात न उघडलेले संच साठतात.

संचाची एक तांत्रिक अडचणही आहे. एका कलेक्शनमधले रंग अनेकदा मध्यम छटेचे असतात. तुकडे जोडून ताऱ्याची आकृती शिवली तरी तिची टोकं भोवतालच्या कापडात विरून जातात. म्हणून अनुभवी बाया मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढून गडद-फिकं तपासतात, आणि संचात बाहेरचं एखादं कोरं पांढरं किंवा गर्द कापड घालतात.

अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या गावाचं उदाहरण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. तिथल्या परिसरातल्या कृष्णवर्णीय बायकांनी 1966 मध्ये फ्रीडम क्विल्टिंग बी ही सहकारी संस्था उभी केली. मोठ्या दुकानांना ठरावीक मापाचा, ठरावीक नमुन्याचा माल हवा असे, आणि मनाला येईल तसं शिवणाऱ्या काही जणींना ते काम जाचक वाटे. 1972 मध्ये सीअर्स कंपनीकडून उशांचे अभ्रे शिवण्याचं काम आलं. कापड कॉर्डुरॉय (उभ्या उठावदार रेघांचं जाड कापड), रंग कंपनीने ठरवलेले आणि मोजके: सोनेरी, ॲव्होकाडो हिरवा, नारिंगी, लाल. कापून उरलेल्या पट्ट्या बायकांनी घरी नेल्या. त्याच पट्ट्यांची, वाकड्या रेषांची आणि एकात एक शिरणाऱ्या चौकोनांची क्विल्ट 2002 मध्ये ह्यूस्टनच्या ललितकला संग्रहालयात आणि मग व्हिटनीत लागली. रंग सगळ्यांकडे तेच होते, पण एकीची क्विल्ट दुसरीसारखी नव्हती.