एमएस आणि व्यायाम: अंग तापलं की काय होतं?

एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस. यात आपलीच इम्युन सिस्टीम मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं मायलिनचं आवरण खाते, वायरवरचं प्लास्टिक सोलावं तसं, आणि मग सिग्नल कुठे रेंगाळतो, कुठे पोचतच नाही.

कित्येक वर्षं अशा पेशंटला एकच सल्ला मिळायचा, दमू नका, पडून राहा. त्याला कारणही होतं. १८९० मध्ये विल्हेल्म उथॉफ या जर्मन डोळ्यांच्या डॉक्टरने लिहून ठेवलं की श्रम केले की काही पेशंटना थोडा वेळ अंधुक दिसतं. त्याला वाटलं दोष श्रमाचा, पण खरा दोष उष्णतेचा. सोललेल्या नसेतून सिग्नल आधीच कसाबसा जात असतो, अंगाचं तापमान अर्धा डिग्री वाढलं तरी तो अडकू शकतो. अंग गार झालं की परत सुरू! नसेला नवीन इजा वगैरे काही झालेली नसते, हे समजायला मात्र फार वेळ गेला. १९९६ मध्ये युटा युनिव्हर्सिटीच्या अभ्यासात पेशंटनी १५ आठवडे, आठवड्यातून ३ वेळा एरोबिक व्यायाम केला आणि त्यांचा स्टॅमिनाही वाढला, ताकदही.

आता फिजिओ करतो काय, तर आधी नुसतं चालायला लावतो आणि कान देऊन ऐकतो. सुरुवातीला पाऊल नीट उचललं जातं, मग थोड्या वेळाने बुटाचं टोक जमिनीला घासल्याचा सर्र आवाज यायला लागतो, याला फूट ड्रॉप म्हणतात. पुढच्या वेळी तो आवाज यायच्या आधीच थांबवायचं, खुर्चीत दोन मिनिटं बसवायचं, पुन्हा चालवायचं, असं तुकड्यातुकड्याने एकूण चालणं वाढतं. गरज पडली तर पाऊल वर धरणारा स्प्लिंट, नाहीतर गुडघ्याखाली लावायचं छोटं मशीन जे नेमक्या वेळी करंट देऊन पाऊल उचलतं.

एमएसमुळे आलेला पायाचा कडकपणा मात्र सरसकट घालवायचा नसतो बरं का, कमजोर पाय कधीकधी त्या ताठरपणावरच उभा असतो आणि औषधाने तो पार सैल केला तर माणूस खालीच बसतो.

बाकी साधं आहे, फॅन लावा, आधी गार पाणी प्या, शक्यतो सकाळी करा. व्यायामानंतरचा त्रास आराम करून, अंग गार झालं की उतरायला हवा. नवीन लक्षण २४ तासांपेक्षा जास्त टिकलं तर ते उष्णतेवर ढकलू नका, सरळ न्यूरॉलॉजिस्टला फोन करा.