आधी ताट, मग ग्लास: ब्रिटनमधल्या आयरिश क्लबांच्या जेवणाची पार्श्वभूमी

ब्रिटनमधल्या ओसरत चाललेल्या आयरिश पब आणि क्लबांबद्दल कुणी लिहिले, की जेवणाचा उल्लेख बहुधा तक्रारीच्या सुरात येतो. पदार्थ मोजकेच, भाज्या जास्त शिजलेल्या, रविवारी दुपारनंतर स्वयंपाकघर बंद. तक्रार खोटी नसते. पण या जागा मुळात जेवायला जाण्याच्या नव्हत्याच. तिथे ताट आले ते कधी कायद्याच्या अटीमुळे, तर कधी हिशेब जुळत नव्हता म्हणून. हे लक्षात घेतले नाही, तर आजच्या रिकाम्या टेबलांचा दोष स्वयंपाक्याच्या माथी मारला जातो.

१९५१ ते १९६१ या दहा वर्षांत आयर्लंड सोडून गेलेल्यांची निव्वळ संख्या चार लाखांहून अधिक होती आणि त्यातले बहुतेक ब्रिटनमध्ये उतरले. लंडनमध्ये किलबर्न, क्रिकलवूड आणि कॅम्डेन टाउन, बर्मिंगहॅममध्ये डिगबेथ आणि स्पार्कब्रूक. रस्ते, बोगदे आणि इमारतींच्या कामावरचा गडी भाड्याच्या खोलीत राही आणि घरमालकीण वाढेल ते, वाढेल त्या वेळी जेवून घेई. उकडलेले बेकन, त्याच पाण्यात शिजवलेला कोबी, सालासकट उकडलेले पिठूळ बटाटे. मग तो बाहेर पडे. पबमध्ये फार तर क्रिस्पचे, म्हणजे बटाट्याच्या वेफरचे, पुडे असत. मुकादमाने दिलेला पगाराचा चेकही अनेकदा पबमध्येच वटवला जाई आणि चेक वटवणाऱ्याकडे चार ग्लास पिणे ओघानेच येई. या व्यवहाराने किती संसार धुळीला मिळवले, हा वेगळा आणि मोठा विषय आहे.

क्लबचे गणित निराळे होते. इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे सभासदांचा क्लब दारू विकतच नाही. पिंपातली बिअर सगळ्या सभासदांच्या सामाईक मालकीची असते, सभासद ती आपसात वाटून घेतात आणि पैसे देतात ते क्लबच्या गंगाजळीत. म्हणून तिथे पबसारखा परवाना लागत नाही. पूर्वी नोंदणी लागे, आता प्रमाणपत्र लागते. पाहुण्याला आणायचे तर वहीत त्याचे नाव लिहून सभासदाने सही करायची. १९७४ च्या २१ नोव्हेंबरला बर्मिंगहॅमच्या दोन पबांत बॉम्ब फुटून २१ जण मेले आणि लोकांचा रोष आयरिशांवर उतरला, त्यानंतर शहरातली सेंट पॅट्रिक दिनाची मिरवणूक बंद पडली आणि १९९६ पर्यंत निघाली नाही. त्या काळात आपल्या उच्चारात मोकळेपणाने बोलता येईल अशी जागा म्हणजे ही सहीची वही असलेले दार. आत खायला काय होते? मिस्सानंतरचा, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेनंतरचा, चहा, प्रेतयात्रेनंतर हॅमचे सँडविच, सोडा ब्रेड, कुणीतरी घरून आणलेला केक. स्वयंपाकघर म्हणजे भिंतीतली एक खिडकी आणि पाणी उकळायचे मोठे भांडे. या खाण्याला कुणी 'डायनिंग' म्हटले नाही. पण क्लबची जी खरी पंगत होती, ती हीच.

नाचाच्या मोठ्या सभागृहांत मात्र ताट शिरले, ते कायद्याचे बोट धरून. १९२१ पासून इंग्लंडमध्ये रात्रीच्या जेवणासोबत पिणाऱ्यांना तासभर जास्त मिळत असे. १९६४ च्या कायद्याने संगीत, नृत्य आणि 'भरीव खाणे' ही तिन्ही असतील, तर रात्री उशिरापर्यंत दारू देण्याची मुभा ठेवली. दारू ही त्या तिघांना पूरक असावी, अशी भाषा होती. प्रत्यक्षात काय कशाला पूरक होते, हे दारातल्या पोरालाही कळत होते. त्यामुळे रात्री अकराच्या सुमाराला टोपलीत कोंबडीची तंगडी आणि चिप्स, म्हणजे तळलेल्या बटाट्याच्या फोडी, येऊ लागल्या. आयर्लंडमध्येही हाच प्रकार होता. डिस्कोच्या तिकिटातच जेवण धरलेले असे आणि पुष्कळ प्लेटा तशाच परत जात.

या 'भरीव' शब्दाजवळ थोडे थांबायला हवे, कारण पुढे सगळे याच्याच भोवती फिरले. मूळ शब्द 'सबस्टॅन्शियल'. मराठीत 'पोटभर' म्हणावे तर चुकते, कारण कायदा पोट मोजत नाही. 'पुरेसे' म्हणावे तर कुणाला पुरेसे, हा प्रश्न उरतो. कायद्यातले दुसरे पद होते 'टेबलावरचे जेवण', म्हणजे माणसाने टेबलाशी, किंवा टेबलाचे काम देणाऱ्या फळीशी, बसून खाल्लेले. अशा शब्दांवर खटले होणारच. १९५५ मध्ये न्यायालयाने सँडविच आणि काडीला टोचलेले सॉसेज यांना जेवण मानले. १९६५ मध्ये वेळ टळल्यावर पीत बसलेल्या दोघांच्या प्रकरणात पुन्हा सँडविचच होते. पण सोबत बीट आणि लोणचे होते आणि सँडविच इतके भरगच्च, की ते टेबलावरचे जेवण ठरले. हे वाचून हसू येते, पण त्या दोघांवर गुन्हा शाबित होणार की नाही, हे त्या बिटावर ठरत होते.

अर्धशतकानंतर, २०२० मध्ये, कोरोनाच्या साथीत हाच शब्द पुन्हा बाहेर काढला गेला आणि या वेळी त्याचा घाव नेमका आयरिश पब-क्लबांवर बसला. आयर्लंडमध्ये १५ मार्चला सगळे पब बंद झाले. २९ जूनला जे उघडले, ते फक्त जेवण देणारे. गिऱ्हाइकाने किमान ९ युरोंचे भरीव जेवण घ्यायचे आणि १०५ मिनिटांत उठायचे. हे ९ युरो साथीसाठी कुणी नव्याने काढले नव्हते. भरीव जेवण म्हणजे दुपारचे किंवा रात्रीचे मुख्य जेवण म्हणून चालेल असे आणि ज्याला तेवढी किंमत लावणे वाजवी ठरेल असे, ही व्याख्या तिथल्या मद्यकायद्यात आधीपासूनच पडून होती. डिस्कोतल्या कोंबडीसाठी केलेले माप साथीच्या रोगाला लावले गेले. ज्यांना तिथे 'वेट पब' म्हणतात, म्हणजे फक्त पेय देणारे, ते बंदच राहिले. डब्लिनबाहेर त्यांना २१ सप्टेंबरपर्यंत थांबावे लागले आणि डब्लिनमध्ये तेव्हाही दार उघडले नाही. मधल्या काळात कोणत्या टेबलावर काय खाल्ले गेले याची नोंद २८ दिवस ठेवण्याचा नियम आला आणि त्यावर मोठा गदारोळ झाला.

नियमाच्या बाजूने मांडलेले कारण ऐकण्यासारखे होते. जेवणारा माणूस जागेवर बसतो, गर्दीत फिरत नाही, कमी पितो. पण खेड्यातल्या वेट पबमध्ये संध्याकाळी चार-पाच म्हातारे चार कोपऱ्यांत बसतात. ते घरी जेवून आलेले असतात. शहरातल्या भरलेल्या गॅस्ट्रोपबपेक्षा, म्हणजे जेवणासाठी नावाजलेल्या पबपेक्षा, तिथे धोका जास्त होता, हे मला कधीच पटले नाही. जेवण हे अंतराचे माप म्हणून वापरले गेले आणि ज्याच्याकडे भटारखाना, तो सुरक्षित ठरला.

इंग्लंडमध्ये २ डिसेंबरपासून हीच कथा. निर्बंधांच्या तीन पातळ्यांपैकी मधल्या पातळीखाली आलेल्या लंडनमध्ये पब उपाहारगृहासारखा चालत असेल तरच दारू देता येणार होती आणि तीही भरीव जेवणासोबतच. त्याआधी ऑक्टोबरमध्ये एका मंत्र्याने सांगितले होते, की पेस्टी, म्हणजे मांस-बटाटा भरलेली भाजलेली करंजी, प्लेटमध्ये चिप्स किंवा सॅलडसोबत दिली तर ते जेवण. आता दुसऱ्याने सांगितले, की स्कॉच एगही चालेल. उकडलेल्या अंड्याभोवती खिमा लपेटून तळलेला तो गोळा काही दिवस राष्ट्रीय चर्चेचा विषय झाला. १६ डिसेंबरला लंडन वरच्या पातळीत गेले, पब बंद झाले आणि चर्चा आपोआप संपली. बर्मिंगहॅम आधीपासूनच वरच्या पातळीत होते, तिथे अंडेही कामाचे नव्हते. ज्या क्लबात भिंतीतली खिडकी आणि चहाचे भांडे एवढेच स्वयंपाकघर, त्यांना या चर्चेत जागाच नव्हती. अनेक आयरिश केंद्रांनी त्या काळात एकट्या राहणाऱ्या वृद्धांना घरपोच गरम जेवण पोचवले. कायद्याच्या व्याख्येत बसेल असे भरीव जेवण खरोखर कुणी वाढले असेल, तर ते यांनी.

पैशाची मदतही ताटामागेच गेली. ऑगस्ट २०२० मध्ये सोमवार ते बुधवार बाहेरच्या जेवणाच्या बिलात सरकारकडून निम्मी सूट होती, माणशी १० पौंडांपर्यंत, पण दारू वगळून. त्याच वर्षीच्या जुलैपासून व्हॅट २० वरून ५ टक्के झाला, तोही खाणे आणि दारू नसलेल्या पेयांवर. ऑक्टोबर २०२१ मध्ये तो साडेबारा टक्के झाला आणि एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा २०. ज्याच्या गल्ल्यात मुख्य जमा बिअरची, त्याला या सवलतीचा उपयोग नावापुरताच.

घसरण अर्थातच साथीने सुरू झाली नाही. आयर्लंडमध्ये २९ मार्च २००४ ला आणि इंग्लंडमध्ये १ जुलै २००७ ला बंद जागेत धूम्रपानाला मनाई झाली. पुढच्या वर्षापासून बिअरवरचा कर दर साली महागाईच्याही वर चढत गेला, तो २०१३ पर्यंत. क्रिकलवूडचे १९५२ पासूनचे भले मोठे नृत्यगृह २००८ मध्ये बंद झाले आणि नंतर पाडले गेले. सगळ्यात मोठे कारण मात्र माणसांचे आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये आयर्लंडला जन्मलेले लोक १९६१ मध्ये सुमारे ६ लाख ८३ हजार होते, २०११ मध्ये ४ लाख ७ हजार आणि २०२१ मध्ये ३ लाख २५ हजार. उरलेल्यांत म्हाताऱ्यांचे प्रमाण मोठे. संध्याकाळी बाहेर पडायला त्यांना भीती वाटते, दुपारी मात्र ते येतात.

म्हणून क्लबांनी दुपारचे जेवण धरले. रविवारची कार्व्हरी, म्हणजे काउंटरवर कापून वाढलेले भाजलेले मांस, दोन प्रकारचे बटाटे आणि वर ग्रेव्ही. आठवड्यात एखाद्या दिवशी ज्येष्ठांसाठी स्वस्त ताट, त्यात बेकन-कोबी आणि पार्सलीचा पांढरा सॉस अजून असतो. कोबी इतका मऊ का, ही तक्रार करणाऱ्याने शेजारच्या टेबलावर बसलेल्यांचे दात पाहावेत. काही पबांनी भटारखानाच दुसऱ्याला दिला. केन्सिंग्टनच्या एका जुन्या पबात आयरिश चालकाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस थाई जेवण सुरू केले आणि ती कल्पना लंडनभर पसरली. बर्मिंगहॅमच्या पट्ट्यात पंजाब्यांनी चालवलेल्या देसी पबांतले तंदुरी मिक्स्ड ग्रिल आज गोऱ्या, आयरिश, देशी सगळ्यांच्या टेबलावर दिसते.

१९९० च्या दशकापासून जगभर तयार सामानाने उभारलेल्या 'आयरिश पबां'नी अपेक्षा आणखी बिघडवल्या. गिनेस ही काळी आयरिश बिअर घातलेला बीफचा 'पाय', म्हणजे मांस भरून भाजलेली पेस्ट्री, ही त्यांची खूण. ती चव मनात ठेवून जुन्या क्लबात शिरणाऱ्याला तिथले हॅम सँडविच निराशच करणार.

सभासदच घटत गेले तर क्लबचे काय, हेही कायद्यात लिहिलेले आहे. इंग्लंडचा २००३ चा परवाना कायदा नोव्हेंबर २००५ पासून अमलात आला. त्याखाली क्लबला प्रमाणपत्र हवे असेल, तर किमान २५ सभासद लागतात आणि अर्ज दिल्यापासून दोन दिवस उलटल्याशिवाय नव्या सभासदाला सवलती मिळत नाहीत. संख्या २५ खाली गेली, एवढ्याच कारणाने प्रमाणपत्र काढायचे झाले तर ते लगेच जात नाही. तीन महिन्यांची मुदत मिळते, आणि त्या मुदतीत पंचविसावा सभासद आला, तर प्रमाणपत्र राहते.