ऑटिझम आणि रोबोट: रिमोट आधी मुलाच्या हातात होता

ऑटिस्टिक, म्हणजे स्वमग्न, मुलांसाठी रोबोट वापरायची सुरुवात थेट १९७६ ची आहे, म्हणजे एआय वगैरेच्या गवगव्याच्या कितीतरी आधीची. एडिनबर्ग युनिव्हर्सिटीत सिल्व्हिया वेअर आणि रिकी इमॅन्युएल यांनी एका सात वर्षांच्या ऑटिस्टिक मुलाला लोगोचं कासव चालवायला दिलं. लोगो ही सिमोर पेपर्ट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी बनवलेली कॉम्प्युटरची भाषा, आणि कासव म्हणजे जमिनीवर फिरणारं चाकांचं छोटं यंत्र. बटण दाबलं की ते सांगितलं तेवढंच करायचं. मुलगा त्यात रमला आणि हळूहळू आसपासच्या माणसांशीही त्याचा संवाद वाढला, असं त्या दोघांनी नोंदवलंय. आता एकाच मुलाची गोष्ट, त्यावरून फार काही सिद्ध होत नाही हे मान्य, पण मला त्यातली एक गोष्ट लक्षात ठेवावीशी वाटते की तिथे रोबोट मुलाला काही शिकवत नव्हता, मुलगाच त्याला चालवत होता.

मग बरीच वर्षं फारसं काही झालं नाही. १९९८ च्या सुमारास इंग्लंडमध्ये कर्स्टिन डॉटेनहान यांनी ऑटिस्टिक मुलांना रोबोटशी खेळायला देणारा ऑरोरा प्रोजेक्ट सुरू केला, आधी रीडिंग युनिव्हर्सिटीत आणि नंतर हर्टफर्डशर युनिव्हर्सिटीत. पहिला रोबोट म्हणजे चाकांवरचा सपाट डबाच, मुलं त्याच्याशी पकडापकडी खेळायची. पुढे ‘रोबोटा’ नावाचा बाहुलीसारखा रोबोट आला आणि इथे मजेशीर गोष्ट कळली, बाहुलीचा सुंदर चेहरा आणि कपडे काढून तिला अगदी साधं ठेवलं तर मुलं तिच्याकडे पटकन वळत होती. याच प्रोजेक्टमधल्या बेन रॉबिन्स आणि मंडळींनी तर एका माइम (न बोलता हावभावांनी अभिनय करणाऱ्या) कलाकारालाच रोबोटसारखे कपडे घालून उभं केलं, आणि तोच माणूस साध्या कपड्यांत असताना मुलं जितकी जवळ यायची त्यापेक्षा रोबोटच्या वेषात जास्त आली. माणसाच्या चेहऱ्यावर एकाच वेळी इतकं काही चालू असतं की ते सगळं पकडणं दमवणारं होऊ शकतं, म्हणून कमी हालचाली आणि ठरलेला प्रतिसाद सोपा जातो, असा त्यामागचा विचार.

२००५ मधला कॅस्पर हा रोबोट याच विचारातून आला. लहान मुलाएवढा, आणि चेहरा मुद्दाम कोरा. त्याचा सिलिकॉनचा मुखवटा चक्क सीपीआर (बंद पडलेलं हृदय चालू करायला छाती दाबतात ते) शिकवायच्या पुतळ्याचा आहे. नंतर त्याला स्पर्श कळणारे सेन्सर बसवले, म्हणजे जोरात मारलं की तो तसं बोलून दाखवतो. जपानमध्ये हिदेकी कोझिमा यांचा कीपॉन हा रोबोट त्याच काळातला, जेमतेम १२ सेंटिमीटरचा पिवळा गोळा, डोळ्यांत कॅमेरे आणि नाकात माईक. तो फक्त बघतो, झुकतो, डोलतो. बस्स.

यातल्या बऱ्याच प्रयोगांत पडद्यामागे कोणीतरी माणूस बसून रोबोट चालवत असायचा, ही गोष्ट बातम्यांमध्ये सहसा येत नाही. २०१२ च्या एका आढावा लेखात स्पष्टच म्हटलं होतं की बहुतेक अभ्यास प्राथमिक स्वरूपाचे आहेत, म्हणजे उत्साह जास्त, पुरावा कमी. त्या मानाने २०१८ चा अमेरिकेतल्या येल युनिव्हर्सिटीचा अभ्यास वेगळा वाटतो. ब्रायन स्कॅसेलाटींच्या टीमने १२ मुलांच्या घरी महिनाभर रोबोट ठेवला, रोज अर्धा तास खेळ, आणि तो स्वतःच्या स्वतः चालणारा. मोठी माणसं जिकडे बघतायत तिकडे बघणं वगैरे गोष्टींत मुलांची प्रगती दिसली, तीही रोबोट समोर नसताना. त्यात वापरलेला जिबो नावाचा रोबोट बनवणारी कंपनीच मात्र थोड्याच दिवसांत गुंडाळली गेली.

तोवर नाओ, मायलो, क्यूटीरोबोट असे तयार रोबोट शाळा आणि थेरपी सेंटरमध्ये पोचलेच होते, आणि रिमोट आता शिक्षकाच्या टॅबलेटवर गेला. यावर ऑटिस्टिक लोकांकडून टीका होते ती मला तरी पटते. डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक अभ्यासकाने २०१२ मध्येच मांडलं होतं की समजण्यातली अडचण दोन्ही बाजूंची असते, नॉन-ऑटिस्टिक माणसांनाही ऑटिस्टिक माणूस नीट कळत नाही. मग सराव एकाच बाजूने का करायचा? येलनेच पुढे ऑटिस्टिक मोठ्यांसाठी ऑफिसच्या कामात मध्येच व्यत्यय आला तर काय करायचं याचा सराव देणारा रोबोट बनवला, ते निदान रोजच्या गरजेच्या जवळचं तरी आहे. बाकी भर अजून बराचसा नजरेवरच, ती कुठे गेली आणि किती सेकंद टिकली, कारण कॅमेऱ्याला ते मोजणं सोपं जातं.