१०५ की एकतारी?

माझा पहिला साखरांबा चमच्याने निघाला नाही, सुरीने कोरून काढावा लागला. पुण्यातला एप्रिल, दोन किलो कैऱ्या, चार लवंगा, दालचिनीचा तुकडा, वेलदोडे आणि खास या कामासाठी आणलेला थर्मामीटर, अशी जय्यत तयारी होती. जॅमच्या कृतीत स्पष्ट लिहिलं होतं की मिश्रण १०५ अंश सेल्सिअसला पोचलं की उतरवा. मी बरोबर १०५ ला उतरवलं. संध्याकाळी आईचा फोन आला.

"एकतारी आला होता का?"

"अगं, मोजून १०५ अंशांवर उतरवलाय."

"मग आता १०५ खात बस."

थर्मामीटर चांगला होता. घोळ झाला तो पुण्याच्या उंचीमुळे. पाणी १०० अंशांना उकळतं ते समुद्रकिनाऱ्यावर. वर चढलं की हवेचा दाब कमी होतो आणि साधारण दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू एका अंशाने उतरतो. पुणं सुमारे ५६० मीटरवर आहे, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. महाबळेश्वर १३५० मीटरच्या घरात, तिथे साडेपंच्याण्णवलाच. पाण्यात साखर असली की हा बिंदू पुन्हा वर सरकतो. वजनाने शेकडा ६५ ते ६८ साखर असलेलं मिश्रण साध्या पाण्यापेक्षा चार-पाच अंश वर उकळतं, आणि जॅम जमतो तो याच प्रमाणाला. म्हणजे १०५ हा आकडा मुंबईचा किंवा रत्नागिरीचा. पुण्यात १०३ ला हात आवरायला हवा आणि महाबळेश्वरात १०० लाच. मी आणखी दोन अंश चढवले, तेवढ्यात साखरेचं प्रमाण शेकडा ७५ च्या आसपास गेलं. दोन अंश ऐकायला किरकोळ वाटतात, पण शेवटच्या टप्प्यात पातेल्यात पाणीच इतकं थोडं उरलेलं असतं की पाच मिनिटांत सगळा खेळ बदलतो.

आईची तार मात्र उंची विचारत नाही. पाकाचा थेंब जरा निववून अंगठा आणि तर्जनीत धरायचा आणि बोटं हळूच विलग करायची. मध्ये एक तार ओढली गेली की पाक एकतारी. ही परीक्षा चिकटपणाची आहे, आणि चिकटपणा ठरतो पाण्यात साखर किती यावर. थर्मामीटर आधी तपमान मोजतो आणि त्यावरून साखरेचा अंदाज आपण बांधायचा. बोटं थेट मुद्द्यावर येतात. गार बशीत थेंब टाकून बोटाने सरकवला की त्यावर सुरकुती पडते, ती खूणही याच जातीची.

सुरकुती पडते ती मात्र नुसत्या साखरेमुळे नाही. तिथे पेक्टिन असतं. फळाच्या पेशींच्या भिंती एकमेकींना धरून ठेवणारा हा चिवट पदार्थ. १८२५ मध्ये ब्राकोनो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने त्याला नाव दिलं, 'गोठणे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. पेक्टिनचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या. त्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे त्या एकमेकींना दूर ढकलतात, शिवाय भोवती पाण्याचा गराडा असतो. फळातलं आम्ल हा भार बराचसा शमवतं, साखर भोवतालचं पाणी स्वतःकडे ओढून घेते, आणि मग साखळ्या एकमेकींत गुंततात. त्या जाळीत पाक अडकतो. हाच आपला जॅम.

कैरीत पेक्टिन आणि आम्ल दोन्ही भरपूर असतात, वरून काही घालावं लागत नाही. तीच कैरी पिकली की तिच्यातली विकरं (एन्झाइम) पेक्टिन तोडत जातात आणि आम्लही उतरतं, म्हणून हापूसच्या रसाचा जॅम करायचा तर लिंबाला हाक मारावी लागते. स्ट्रॉबेरीतही पेक्टिन बेताचंच. आंबट सफरचंदाचा कीस घातला की तिचं काम सोपं होतं. कवठ आणि पेरू याबाबतीत श्रीमंत, त्यांची जेली सुखाने जमते.

आता क्रमाचा प्रश्न. कच्च्या फोडी सरळ साखरेत टाकून शिजवल्या तर दाट पाक त्यांच्यातलं पाणी ओढून घेतो आणि फोडी आक्रसून चामड्यासारख्या होतात. नंतर कितीही शिजवा, त्या मऊ पडत नाहीत. म्हणून फोडी किंवा कीस आधी वाफवून घ्यायचा. उष्णतेने पेशींच्या भिंती सैल होतात, पेक्टिन बाहेर यायला लागतं, साखरेलाही आत शिरायला वाट मिळते. पण एकदा साखर पडली की रेंगाळू नये. आम्लात फार वेळ उकळलं की पेक्टिनच्या साखळ्यांचेच तुकडे पडतात आणि दाट होण्याऐवजी मिश्रण सुटत जातं. मोठं पसरट पातेलं घ्यायचं ते यासाठीच, पाणी लवकर उडावं म्हणून.

आणि शेकडा ६५ ते ६८ च का? सूक्ष्मजीवांना जगायला मोकळं पाणी लागतं. इतक्या साखरेत उरलेलं पाणी साखरेशीच बांधलेलं राहतं. बहुतेक जिवाणूंची तिथे डाळ शिजत नाही, आम्लाने त्यांची आणखी अडचण होते. गंमत म्हणजे २० अंशांना एक लिटर पाण्यात सुमारे दोन किलोच साखर विरघळते, म्हणजे शेकडा ६७. टिकण्यासाठी लागणारं प्रमाण आणि साखरेचे खडे धरण्याची सीमा जवळजवळ एकच. इथेही कैरीचा आंबटपणा कामाला येतो. आम्लात उकळताना थोड्या साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, आणि ही सरमिसळ खडे जमू देत नाही. गुळात हे दोघे आधीच थोडेफार असतात, त्यामुळे गुळांब्याला ही काळजी कमी. मात्र प्रत्येक गुळात पाणी वेगळं, तेव्हा तिथे वजनाच्या हिशेबापेक्षा तारच बघावी. गुजराती छुंदा तर चुलीवर न चढताही याच मुक्कामी पोचतो. कैरीचा कीस आणि साखर कापड बांधून दिवसचे दिवस उन्हात ठेवतात, पाणी उडवण्याचं काम सूर्य करतो.

मसाल्यांविषयी एक समज पक्का आहे की लवंग-दालचिनीमुळे साखरांबा टिकतो. लवंगेतलं युजेनॉल जंतूंना मारक आहे हे खरं, पण किलोभर साखरांब्यात चार लवंगा म्हणजे पहारेकऱ्यापेक्षा पाहुण्याच जास्त. टिकवते ती साखर आणि आम्ल. मसाले आपल्या नाकासाठी. त्यातही घालायची वेळ मोलाची. वेलदोड्याचा थंड, कापरासारखा गंध मुख्यतः सिनिओलचा. त्याचा स्वतःचा उत्कलनबिंदू १७६ अंश असला तरी पाण्याच्या वाफेबरोबर तो कितीतरी आधी उडून जातो. अत्तरवाले फुलांमधून गंध काढतात तो याच तत्त्वाने. तेव्हा वेलदोड्याच्या वासाने घर भरलं, तर समजावं की तेवढा बरणीत कमी गेला. लवंगेचं तेल जड, उडायला सुस्त, त्यात ती अख्खी असली की आतला अर्क सावकाश सोडते, म्हणून ती पहिल्यापासून चालते. दालचिनीचा तुकडाही तसाच. वेलदोड्याची पूड गॅस बंद केल्यावर, आणि केशर कोमट पाण्यात भिजवून त्याच वेळी, कारण त्याचा रंग पाण्यात उतरतो.

कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात हे काम नको. कैरीचं आम्ल पितळेतलं तांबं खातं, आणि ते तांबं पुढे आपल्या पोटात जातं.

या वर्षी दोन्ही वापरलं. बोटांत तार आली तेव्हा थर्मामीटर १०३ दाखवत होता. आईला सांगितलं तर म्हणाली, "चांगलाय की तुझा थर्मामीटर." मग बरणीची चौकशी. ती कोरडी आणि गरम होती, साखरांबाही गरम भरला, पण मी लगेच झाकण लावणार होते ते तिने थांबवलं. वाफ झाकणाखाली धरते, थेंब होऊन पडते आणि वरच्या पातळ थरात साखर विरळ होते. बुरशीला तेवढी जागा पुरते, ओला चमचा बुडवल्यावर पुरते तशीच. बुरशी दिसली तर वरचा थर काढून खालचा साखरांबा खाऊ नये, तिचे धागे आणि विषारी द्रव्यं डोळ्यांना दिसतात त्याहून खोल गेलेली असू शकतात. मी बरणीच्या तोंडाला कापडाचा दादरा बांधला आणि झाकण दुसऱ्या दिवशी सकाळी लावलं.