खाजेच्या दोन वाटा

खाजकुइलीच्या शेंगेवर तपकिरी, मखमली लव असते. ती अंगाला लागली की माणूस कासावीस होतो. १९५५ साली वॉल्टर शेली आणि रॉबर्ट आर्थर यांनी या लवेतलं खाज आणणारं एन्झाइम शोधून काढलं. त्याचं नाव म्युक्युनेन. विशेष म्हणजे एवढी खाज सुटूनही डास चावल्यावर उठते तशी गांधी इथे सहसा उठत नाही. डासाच्या खाजेमागे हिस्टामिन हे ॲलर्जीत शरीर सोडतं ते रसायन असतं आणि खाजकुइलीच्या खाजेशी त्याचा जवळपास संबंध नसतो. म्युक्युनेन त्वचेतल्या वेगळ्याच ग्राहींना, म्हणजे संदेश टिपणाऱ्या प्रथिनांना, चेतवतं, हे २००८ मध्ये दाखवून देण्यात आलं.

खाजेवर काय लावावं याचं सगळ्यांसाठी एकच उत्तर का नसतं, ते इथे कळतं. मेंदूकडे खाज किमान दोन वाटांनी जाते. एक हिस्टामिनची: कीटकदंश, अंगावर पित्त उठणं. या खाजेवर अँटिहिस्टामिन गोळी चांगली लागू पडते. दुसरी वाट हिस्टामिनशिवायची. इसब आणि कोरड्या त्वचेची खाज बरीचशी याच वाटेने जाते, म्हणून तिथे तीच गोळी फारशी उपयोगी पडत नाही. गोळी घेऊनही खाज जात नाही म्हणून डोस वाढवत बसण्यापेक्षा आपली खाज कुठल्या प्रकारची आहे, हे पाहणं जास्त गरजेचं आहे.

खाजवल्यावर बरं वाटतं, ते खरंच असतं. नखांमुळे होणारी सौम्य वेदना पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत खाजेचा संदेश दाबून टाकते. पण त्या वेदनेला उत्तर म्हणून मेंदू सेरोटोनिन हे संदेशवाहक रसायन सोडतो आणि उंदरांवरच्या प्रयोगांत असं दिसलं की हेच सेरोटोनिन खाज वाहणाऱ्या पेशींना पुन्हा जागं करतं. शिवाय नखांनी त्वचेचा वरचा थर फाटतो आणि बाहेरचे त्रासदायक पदार्थ आत शिरतात. खाजेतून खाज वाढते ती अशी.

गारवा हेच काम त्वचा न फाडता करतो. आपल्या मज्जातंतूंवर टीआरपीएम-८ नावाचा ग्राही असतो. साधारण २६ अंश सेल्सियसच्या खाली तो जागा होतो आणि पुदिन्यातल्या मेंथॉलनेही तो तसाच जागा होतो. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापूटियन यांच्या गटांनी तो २००२ मध्ये स्वतंत्रपणे ओळखला. तापमान आणि स्पर्शाच्या ग्राहींवरील कामासाठी २०२१ चं नोबेल पारितोषिक या दोघांना मिळालं. गारव्याचा संदेश पोचला की खाजेचा संदेश मागे पडतो. म्हणून गार पाण्यात भिजवून पिळलेलं सुती फडकं पाच-दहा मिनिटं ठेवणं हा माझ्या मते सगळ्यांत आधी करायचा उपाय आहे. बर्फ मात्र थेट त्वचेवर ठेवू नये. मेंथॉलचं मलम सौम्यच हवं, कारण जास्त तीव्रतेचं मेंथॉल स्वतःच आग करतं. लहान बाळांच्या चेहऱ्याजवळ तर ते लावूच नये.

तरीही गारव्याने फक्त संदेश दबतो. कोरड्या त्वचेची मूळ अडचण तिच्या सगळ्यांत वरच्या थरात असते. बहुतेक अंगावर हा थर अवघा १० ते २० मायक्रोमीटर जाडीचा असतो. पीटर इलायस या त्वचावैज्ञानिकाने त्याला विटांच्या भिंतीची उपमा दिली: मृत पेशी म्हणजे विटा आणि मधले स्निग्ध पदार्थ, म्हणजे सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं, हा चुना. हा चुना गेला की पाणी बाहेर झिरपतं आणि साबण, धूळ, घाम आत शिरून मज्जातंतूंच्या टोकांना डिवचतात. काहींमध्ये ही उणीव जन्मजात असते. फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातले दोष इसबाचा धोका वाढवतात, हे २००६ मध्ये स्पष्ट झालं. बाकीच्यांच्या बाबतीत बरंचसं नुकसान आंघोळीत होतं. त्वचेचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा) ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्ल असतो, तर साध्या साबणाचा ९ ते १०, म्हणजे अल्कधर्मी. कढत पाणी अंगावर घेताना खाज थांबल्यासारखी वाटते, पण त्याने स्निग्धता धुऊन जाते आणि तासाभराने खाज जास्तच जाणवते.

घरगुती उपायांत ज्याच्यामागे पुरावा भक्कम आहे, असा एक म्हणजे ओट्स. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००३ मध्ये ओट्सच्या अतिबारीक पिठाला त्वचारक्षक म्हणून मान्यता दिली. यातलं बीटा-ग्लुकन पाणी धरून ठेवतं आणि त्वचेवर पातळ थर देतं. अव्हेनँथ्रामाइड ही ओट्समधली खास संयुगं दाह कमी करतात. साधे, बिनस्वादाचे ओट्स इतके बारीक दळायचे की चमचाभर पूड पेलाभर पाण्यात टाकल्यावर पाणी दुधाळ दिसलं पाहिजे. पूड तळाशी बसली तर अजून दळायला हवं. ही पूड कोमट पाण्यात मिसळून १० ते १५ मिनिटं अंग भिजवावं. पुढे पंचाने घासू नये, नुसतं टिपावं आणि अंग ओलसर असतानाच तेल किंवा मलम लावावं. हा शेवटचा टप्पा बहुतेक जण गाळतात. तसं झालं की अंगावरचं पाणी उडून जाताना त्वचा अधिकच कोरडी होते आणि सगळी मेहनत वाया जाते.

तेल कुठलं, हाही प्रश्न साधा नाही. ऑलिव्ह तेलात ओलेइक आम्ल भरपूर असतं आणि ते वरच्या थराची रचना बिघडवतं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत ऑलिव्ह तेलाने हे नुकसान दिसलं, तर सूर्यफूल तेलाने थर शाबूत राहिला. सूर्यफुलातलं लिनोलेइक आम्ल सेरामाइड बनवायला लागतं. खोबरेल तेलही कोरड्या त्वचेला मानवतं. पण फार कोरडी, भेगाळलेली त्वचा असेल तर मी साध्या पेट्रोलियम जेलीला झुकतं माप देईन. ती झाडापासून येत नाही, तरी पाणी अडवण्यात तिच्या तोडीचं तेल नाही आणि तिची ॲलर्जी अगदी विरळा.

झाडाचं म्हणून निर्धोक, हा समज खरोखर घातक आहे. खाजकुइलीही झाडाचीच असते. कोरफडीचा आतला पारदर्शक गर थंडावा देतो, पण सालीलगतचा पिवळा चीक त्वचेला झोंबतो. पान कापल्यावर तो निथळू द्यावा. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास फोड येऊन काळे डाग राहू शकतात. व्हिनेगर इसबावर चुरचुरतं. खाण्याचा सोडा त्वचेचा पीएच वर ढकलतो. टी ट्री तेल जुनं झालं, हवेने ऑक्सिडीकृत झालं की ॲलर्जी आणणारं ठरतं. काहीही नवीन लावायचं तर कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून दोन दिवस वाट पाहावी.

रात्री खाज वाढणं हे बऱ्याच अंशी शरीराच्या घड्याळामुळे होतं: त्वचा गरम होते, तिच्यातून पाणी जास्त उडतं आणि दाह आवरणारं कॉर्टिसोल कमी असतं. पण बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर बारीक पुरळ आणि घरातल्या इतरांनाही खाज असेल, तर ती खरूज असू शकते. त्वचेत बिळं करणारा किडा ओट्सने मरत नाही. त्याला औषध लागतं आणि ते घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावावं लागतं. सहा आठवड्यांहून जास्त टिकलेली खाज वैद्यकशास्त्र दीर्घकालीन धरतं. त्यातही अंगावर पुरळ काहीच नसेल आणि सर्वांगाला खाज सुटत असेल, तर कारण त्वचेखेरीज दुसरीकडेही असू शकतं: यकृताचे किंवा मूत्रपिंडांचे विकार, थायरॉइड, लोहाची कमतरता, क्वचित लसिकाग्रंथींचा कर्करोग. अशा वेळी लेप बदलत न बसता डॉक्टरांना दाखवून रक्त तपासून घ्यावं.