हिग्जचं वजन आणि मिसळीची ट्रॉली

पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत कांद्याची ट्रॉली उभी राहिली की व्यापारी आधी आत हात खुपसतो. वरच्या थरावर त्याचा विश्वास नसतो. सगळा माल एक नंबर असेल तर चार कांद्यांत उमजतं. पण गोल्टी, जोड, मोठा अशी मिसळ असली की पुढच्या मुठीत काय येईल ते सांगता येत नाही. हे ‘सांगता न येणं’ मोजायची पट्टी अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी 1948 साली दिली. तिला माहितीची एन्ट्रॉपी म्हणतात. निकाल ठरलेलाच असेल तर ती शून्य, सगळ्या शक्यता सारख्या असतील तर सर्वात जास्त.

अशीच मिसळ एका सूक्ष्म कणातही दिसते. 4 जुलै 2012 रोजी सर्न या जिनिव्हाजवळच्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेने ज्याच्या शोधाची घोषणा केली, तो हिग्ज बोसॉन नावाचा कण जन्मताच फुटतो, पण दर वेळी वेगळ्या तऱ्हेने. सुमारे 58 टक्के वेळा बॉटम क्वार्क या कणांची जोडी निघते, 21 टक्के वेळा डब्ल्यू बोसॉन या दुसऱ्या कणांची. दोन फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, जेमतेम 0.2 टक्के वेळा (आणि शोधात मोठा हात या चिमूटभर फोटॉनचाच!). ही वाटणी ठरते हिग्जच्या वस्तुमानावर. तो बराच हलका असता तर ट्रॉलीभर बॉटम क्वार्क, 200 गिगा इलेक्ट्रॉनव्होल्टचा (कणांचं वस्तुमान याच मापात सांगतात) असता तर जवळजवळ सगळे डब्ल्यू आणि झेड बोसॉन.

सर्नच्या डेव्हिड द'एन्टेरिया यांनी 2012 मध्येच या सगळ्या वाट्यांचा गुणाकार करून पाहिला. हिग्जचं वस्तुमान 125 गिगा इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास धरलं की तो शिखर गाठतो. पुढे ब्राझीलच्या आल्वेस, डायस आणि डा सिल्वा या भौतिकशास्त्रज्ञांनी त्यामागे एन्ट्रॉपी दाखवली. ती एका हिग्जची नव्हे, हिग्जच्या प्रचंड ढिगाची. ढीग मोठा झाला की हिशेब त्या गुणाकारावरच येतो, आणि गुणाकारात 0.2 टक्केवाल्याचाही मान 58 टक्केवाल्याइतकाच. एक वाटा शून्याकडे गेला की सगळंच गेलं. त्यांचं उत्तर आलं 125.04, आणि 2015 साली प्रयोगांतून निघालेला आकडा 125.09.

आकडे बघून मीही आधी चाट पडलो. मग लक्षात आलं, हा निकाल लागल्यावर सोडवलेला पेपर आहे. शिवाय प्रतवारी, म्हणजे फुटण्याच्या तऱ्हांची विभागणी, वेगळी पाडली तर गुणाकारही बदलतो, आणि निसर्गाने सर्वात मिसळलेलीच ट्रॉली का निवडावी, याला ठोस कारण नाही. म्हणून मला त्यांचं पुढचं काम जास्त महत्त्वाचं वाटतं. हीच रीत त्यांनी अ‍ॅक्सिऑनला लावली आहे. सिद्धांतात मांडलेला तो कण अजून कुणालाही सापडलेला नाही.