लाइव्हपॅच: ‘एनेबल्ड’ म्हणजे ‘लागला’ नव्हे

लाइव्हपॅच, म्हणजे लिनक्सच्या कर्नेलमधली (गाभ्यातली) चूक सर्व्हर रीबूट न करता दुरुस्त करायची सोय, मूळ कर्नेलमध्ये 4.0 आवृत्तीपासून, म्हणजे 2015 पासून आहे. पॅच हा एक कर्नेल मॉड्यूलच, म्हणजे चालू कर्नेलला जोडता येणारा कोडचा तुकडा असतो. तो लोड झाला की सिसएफएसमध्ये (कर्नेलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या /sys मध्ये) त्याच्या नावाची डिरेक्टरी तयार होते आणि ॲडमिनच्या हातातली सगळी सूत्रं तिथल्या चार-दोन फाइलींत असतात.

त्यातल्या ‘एनेबल्ड’ फाइलीत 1 दिसला की काम झालं असं समजून लोक उठतात. पण तो 1 इतकंच सांगतो, की पॅच लावायला घेतलाय. काम पुरं झालं का, हे ‘ट्रान्झिशन’ ही फाइल सांगते: 1 म्हणजे अजून चालू, 0 म्हणजे आटोपलं.

हा फरक का पडतो? 4.12 पासून कर्नेल एकेक टास्क (चालू प्रोग्रॅमचा धागा) नव्या कोडवर नेतो, तेही सुरक्षित क्षणी. टास्क झोपलेला असेल तर त्याचा स्टॅक, म्हणजे तो कोणकोणत्या फंक्शनमध्ये आहे याची नोंद, तपासतो. बदलायचं फंक्शन त्यावर असेल तर थांबतो. समजा, बंद पडलेल्या एनएफएस (नेटवर्कवरून फाइली देणाऱ्या) सर्व्हरची वाट बघत एखादा टास्क नेमका त्याच फंक्शनमध्ये अडकला, तर अख्खं ट्रान्झिशन त्याच्यासाठी खोळंबतं. तोवर तो टास्क जुनाच, सदोष कोड धरून बसलेला असतो आणि पुढचा पॅचही लावता येत नाही.

अडलेला टास्क शोधायला प्रॉकएफएसमधली (/proc, जिथे प्रत्येक टास्कची माहिती असते) ‘पॅच स्टेट’ ही फाइल बघा. पॅच लावताना ज्याच्यापुढे 0 आहे, तो मागे राहिलेला. (पॅच काढताना उलट, 1 वाला.) कर्नेल दर 15 सेकंदांनी अशांना हलवून बघतोच. तरीही हलेना, तर ती सर्व्हिस रीस्टार्ट करा, किंवा ‘एनेबल्ड’मध्ये 0 लिहून मागे फिरा, मध्येच फिरायला मुभा आहे.

‘फोर्स’ या फाइलीला मात्र सहजासहजी हात लावू नका. त्यात 1 लिहिला की कर्नेल काहीही न तपासता सगळे टास्क नव्या कोडवर आले असं मानतो. ‘ट्रान्झिशन’ लगेच 0 दाखवतं, पण त्या शून्याला तपासणीचा आधार नसतो, आणि रीबूट होईपर्यंत तो मॉड्यूल काढता येत नाही. पॅच बनवणाऱ्यांना विचारल्याशिवाय हे करू नये. केलंच, तर सर्व्हरच्या नोंदीत तसं स्पष्ट लिहा. मॉड्यूल का निघत नाही हे पुढे शोधत बसणारा सहकारी दुसराच कुणी असू शकतो.